एक चूल, एक सदस्य

बक्षीसाहेबांनी शेगडीच्या बर्नरला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"गरम है," ते बोटावर फुंकर मारत म्हणाले. "देख लीजिए त्यागी जी. चूल्हा नंबर एक, चालू हालत में."

त्यागींनी लांबूनच पाहिलं. पद्माकर सबनीस आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात पाहुण्यासारखा उभा होता. आत तीन माणसांची जागा नव्हती आणि त्यातले दोघे अध्यक्ष होते. त्यानं नुकतीच एकट्यापुरती मुगाची खिचडी केली होती. कुकर ओट्यावर उतरवलेला होता आणि त्यातून अधूनमधून एक बारीक सुस्कारा येत होता.

"और ऊपर?" त्यागींनी विचारलं.

"ऊपर सामान है," पद्माकर म्हणाला.

तेवढ्यात वर मिक्सर सुरू झाला. तिघांनीही छताकडे पाहिलं. सामानानं बराच वेळ काहीतरी वाटलं, मग थांबून बहुधा झाकण उघडून पाहिलं, आणि मनासारखं बारीक झालं नसावं म्हणून पुन्हा वाटायला घेतलं.

"सामान मेहनती है," त्यागी म्हणाले.

इंद्रजित बक्षी हे ए ब्लॉक रेसिडेंट्स क्लबचे अध्यक्ष आणि राजीव त्यागी बी ब्लॉकचे. नोएडाच्या या सेक्टरात पूर्वी दोन्ही ब्लॉकचा मिळून एकच क्लब होता. उद्यानाच्या कडेला क्लबची एक खोली होती. खोलीत टेबल टेनिसचं टेबल, दोन वर्तमानपत्रं आणि सकाळच्या योगासनांसाठी काही गाद्या होत्या. मग एका होळीला डीजे किती वाजता बंद करायचा यावरून मतभेद झाले. डीजे आपोआप बंद पडला, मतभेद चालूच राहिले. शेवटी क्लबच फुटला. वाटणीत टेबलाचा अर्धा भाग ए ब्लॉकला गेला आणि अर्धा बी ब्लॉकला. जाळी ए कडे, चेंडू बी कडे. तेव्हापासून सेक्टरातली मुलं आपापल्या ब्लॉकच्या भिंतीशी टेबल टेनिस खेळत.

खोली मात्र अर्धी करता येईना. सेक्टरच्या कार्यालयानं कळवलं की ज्या क्लबात जास्त घरं, त्या क्लबाची खोली. दोघांनी घरं मोजली. सारखी भरली. पुन्हा मोजली, तरी सारखीच. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की कोपऱ्यावरचं सबनीसांचं घर कोणीच मोजलेलं नाही.

घर तसं एकच होतं, पण त्याला तोंडं दोन होती. खालच्या मजल्याचं दार ए ब्लॉकच्या गल्लीत उघडायचं. वरचा मजला पद्माकरनं भाड्यानं देण्यासाठी चढवला होता. भाडेकरूंची ये-जा आपल्या हॉलमधून नको, म्हणून जिना बाहेरून काढला होता आणि तो बाजूला, बी ब्लॉकच्या गल्लीत उतरायचा. आतून एक जिना ठेवू या, असं त्याची बायको हेमांगी तेव्हा म्हणाली होती. पद्माकर म्हणाला होता, आपल्याला कशाला लागतोय.

क्लब एक असल्यापासूनचा नियम होता, एक चूल्हा, एक सदस्य. कोण कोणाचा सख्खा, कोण कोणाशी बोलत नाही, मालक किती आणि मजले किती, यात क्लब शिरत नसे. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. सबनीसांकडे चूल एक असेल तर घर एक आणि ते ए ब्लॉकचं, कारण मोठं दार तिकडे. मग खोली बक्षींची. चुली दोन असतील तर घरं दोन, वरचं बी ब्लॉकचं. मग पुन्हा बरोबरी आणि खोलीला कुलूप. त्यागींना खोली मिळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. पण बक्षींना ती न मिळणं हेसुद्धा त्यांना पुरेसं होतं.

"चलिए, ऊपर देख लेते हैं," बक्षी म्हणाले.

वर जायचं म्हणजे दाराबाहेर पडून, घराला वळसा घालून, दुसऱ्या गल्लीत शिरून जिना चढावा लागे. पद्माकर पुढे झाला. जिन्यावर आपण शेवटचे कधी आलो होतो ते त्याला आठवेना. टाकीवाल्याला घेऊन आला होता बहुतेक. त्यानं बेल वाजवली. आतून एक चिमणी ओरडली. ही बेल मागच्या भाडेकरूंनी बसवलेली. ते गेले, चिमणी राहिली.

ते गेले तेव्हा हेमांगी फक्त साफसफाईला वर आली होती. घर बंद राहिलं की झुरळं होतात म्हणून नवा भाडेकरू मिळेपर्यंत ती रात्रीची वर झोपायला लागली. दलालानं माणसं आणली. एका कुटुंबाचा कुत्रा मोठा होता, दुसऱ्यांचा आवाज. तिसऱ्यांत काय खोट होती ते तिनं सांगितलं नाही आणि पद्माकरनं विचारलं नाही. मग दलाल यायचा थांबला. उशी वर गेली, मग इडलीपात्र, मग पोळपाट. पद्माकरनं बाजारातून दुसरा पोळपाट आणला. त्याला पोळ्या येत नव्हत्या, पण ओट्यावर जागा रिकामी दिसायची. भांडण असं झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. मुलगा अंशुमन बंगळूरहून यायचा तेव्हा हेमांगी उशी घेऊन खाली यायची, तो गेला की उशी घेऊन वर. आईबाबा दोन्ही मजले वापरतात, ऐसपैस राहतात, असं तो बायकोला सांगे. ते खोटं नव्हतं.

दार उघडलं. हेमांगीनं तिघांकडे पाहिलं. डायग्नोस्टिक लॅबमध्ये काउंटरवर बसून तिला माणसं आली की कारण न विचारता आत घ्यायची सवय होती.

"आइए," ती म्हणाली, आणि पद्माकरला, "या."

आत पद्माकरला एक वेताची खुर्ची दिसली. ती भंगारवाल्याला दिली अशी त्याची समजूत होती. खुर्चीला नवी गादी होती. खिडकीत कढीपत्ता होता. ओट्यावर मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी होती आणि शेजारी काळ्या काचेची इंडक्शनची शेगडी.

बक्षींना बरं वाटलं. ही चूल नाही, ते म्हणाले. चुलीला आग लागते, आग कुठाय? त्यागी म्हणाले की आग दिसत नाही, पण आहे. बक्षींनी काचेवर पंजा ठेवला. काच थंडगार होती. त्यागी म्हणाले, असं नाही, वर भांडं पाहिजे. हेमांगीनं पातेल्यात पाणी घालून ठेवलं आणि बटण दाबलं. दोन्ही ब्लॉकचे अध्यक्ष पातेल्यात वाकून पाहू लागले. पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग मोठे. पाणी उकळलं. आता उकळलंच आहे तर, म्हणून तिनं त्यात आलं ठेचून घातलं.

चहाला साखर किती, ते तिनं बक्षींना विचारलं, त्यागींना विचारलं. मग पद्माकरकडे वळली.

"तुम्हाला?"

"बंद केलीय."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. शुगर निघाली जरा."

"अच्छा," हेमांगी म्हणाली. ती रोज लॅबमध्ये लोकांना शुगरचे रिपोर्ट देत असे. "आमच्याकडेच करायची ना टेस्ट. स्टाफला डिस्काउंट असतं."

"ऑफिसच्या कॅम्पमध्ये झाली."

"हां, मग ठीक."

तिनं त्याला बिनसाखरेचा चहा बशीसकट दिला. पाहुण्यांना देतात तसा. निघताना तिनं तिघांनाही दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "आइएगा फिर कभी." तिघांनीही मान हलवली.

खाली आल्यावर बक्षींनी पद्माकरच्या खांद्यावर हात टाकला. रविवारी उद्यानात दोन्ही ब्लॉकची सभा होती. तिथे घरच्या प्रमुखानं सांगायचं, चूल एक की दोन. तो सांगेल ते अंतिम, अशी दोन्ही अध्यक्षांची सहमती झाली होती. होळीनंतरची ती पहिलीच.

"मियाँ-बीवी का चूल्हा एक ही होता है, सबनीस जी," बक्षी म्हणाले. "बाकी सब गैजेट है. भाभीजी को पूछने-वूछने की ज़रूरत नहीं. मुखिया आप हैं."

पद्माकर घरचा प्रमुख आहे हे त्याला कोणी बऱ्याच दिवसांत सांगितलं नव्हतं. तो प्लास्टिकच्या बरण्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात होता. झाकणाचे आटे नीट फिरतात की नाही ते तो तपासायचा. बरण्या फरीदाबादच्या एका कारखान्यात व्हायच्या. तिथे तो कधी गेला नव्हता. झाकणं तिकडे जात आणि तक्रार येत नसे, यावरून ती बसत असावीत असं तो धरून चालायचा.

त्या रात्री खिचडी खाताना त्याला वाटलं, एक म्हटलं की झालं. चारचौघांत माइकवर म्हटलेलं खरंच धरतात. मग वर जाऊन बोलायला नको, काय चुकलं ते शोधायला नको. दोन्ही ब्लॉकनी टाळ्या वाजवून ठरवलेलं घर एक असतंच. त्याला हे फार सोयीचं वाटलं. आणि पाठोपाठ लक्षात आलं की त्याला हे हवं आहे. तो जरा चकित झाला आणि त्यानं ताट घासायला घेतलं.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावर भाजीची गाडी आली. दोघं तिथूनच भाजी घेत. भाजीवाला न विचारता दोघांना वेगवेगळ्या पिशव्या द्यायचा आणि वेगवेगळे पैसे घ्यायचा. क्लबनं त्याला विचारलं असतं तर सभा घ्यावीच लागली नसती. हेमांगी मटार निवडत होती. पद्माकर शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानंही एक शेंग उचलली.

"उद्या मी एक सांगणार आहे," तो म्हणाला.

"एक काय?"

"चूल."

"कुठली?"

याचा त्यानं विचार केला नव्हता. "घराची."

"म्हणजे खालची."

"मग तू खाली ये."

शेंग सोलता सोलता तो हे बोलून गेला. हेमांगीचा हात मटारवर थांबला. भाजीवाल्यानं तराजू थांबवला.

"क्लबसाठी?" तिनं विचारलं.

"क्लबसाठी नाही."

"मग कशासाठी?"

पद्माकर बोलायला गेला. काहीतरी होतं, अगदी जिभेशी आलेलं. तेवढ्यात भाजीवाला म्हणाला, "और कुछ, अंकल?" आणि पद्माकर म्हणाला, "धनिया." भाजीवाल्यानं कोथिंबीर पिशवीत घातली. ती त्यानं फुकट दिली, कदाचित त्याला वाईट वाटलं असावं.

हेमांगीनं आपली पिशवी घेतली. गाडीपासून दोन पावलं बाजूला होऊन ती थांबली, म्हणून तोही थांबला.

"मी वर बरी आहे हो," ती म्हणाली. "रागानं नाही म्हणत. सकाळी ऊन येतं तिथं. मला पाहिजे ते करते, नको असेल तर नाही करत. तुम्हाला वाईट वाटावं असं त्यात काही नाहीये."

"मला कुठं वाईट वाटतंय."

"तेच तर," ती म्हणाली.

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि धुरक्यातल्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता फारसा दिसत नव्हता.

"तुम्ही एक म्हणालात तर मी काही बोलणार नाही तिथं," हेमांगी म्हणाली. "तमाशा नको. पण मग मी कुठं राहते, ते पण सांगा त्यांना. म्हणजे मलाही कळेल."

रविवारी हवा इतकी खराब होती की बाहेर पडू नका असं फोनवर येत होतं, तरी सगळे आले. उद्यानात ए ब्लॉकच्या पांढऱ्या खुर्च्या होत्या, बी ब्लॉकच्या लाल. मध्ये गवताची एक पट्टी मोकळी सोडली होती आणि त्या पट्टीत, कोणाच्याच बाजूला नाही असा, माइक उभा होता. लोक मास्क लावून बसले होते आणि मास्क खाली करून शेंगा खात होते. हेमांगी लाल खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत होती. धुरक्यामुळे तिचा मफलर दिसत होता, चेहरा नाही.

सभा सुरू झाली आणि लगेच बिघडली. ए ब्लॉकच्या एका गृहस्थांनी विचारलं की त्यांच्या आईचं कांदा-लसणाशिवायचं स्वयंपाकघर वेगळं आहे, तर आई कोणत्या क्लबात? बी ब्लॉकमधून एकानं विचारलं की गच्चीवर बार्बेक्यू आहे, हिवाळ्यापुरता, तर मतही हिवाळ्यापुरतं मिळेल का? मायक्रोवेव्हचा प्रश्न निघाला. एक बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे चूल पेटतच नाही, सगळं बाहेरून येतं. त्या रहिवासी आहेत का, यावर दोन्ही क्लबांत दुसऱ्यांदा एकमत झालं, की बहुधा नसाव्यात. त्या बाई गेली कित्येक वर्षं योगासनांचा वर्ग चालवत होत्या. त्या उठल्या, आपली खुर्ची मिटली आणि ती बरोबर घेऊन घरी गेल्या.

मग घाईघाईनं ठरलं की बाकीचं नंतर, आज फक्त सबनीस.

पद्माकर माइकशी गेला. बक्षींनी स्मितहास्य केलं. ते मास्कमुळे फक्त गालांवरून कळलं.

"सबनीस जी, आपके घर में चूल्हे कितने?"

त्यानं तयारी केली होती. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. एक हा शब्द म्हणायला अवघड नव्हता. एकदा म्हटलं की लोक शेंगा संपवून घरी जातील. ती वर राहील आणि कुठेच राहत नसेल. सकाळी ऊन येईल ते कोणाच्याच खिडकीत येणार नाही. तो खोकला. माइकमुळे ते खोकणं दोन्ही ब्लॉकना ऐकू गेलं.

"दो," तो म्हणाला.

"सोच लीजिए, सबनीस जी," बक्षी म्हणाले.

"सोच लिया. नीचे मैं रहता हूँ. ऊपर हेमांगी रहती है."

चारचौघांत तो तिचा उल्लेख नेहमी मिसेस असाच करायचा. नाव घेतलं आणि ते स्पीकरमधून मोठं होऊन उद्यानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आलं. मागच्या रांगेत मफलर हलला नाही.

लाल खुर्च्यांमधून टाळ्या वाजल्या. पांढऱ्या खुर्च्यांमध्ये एका बाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "डिवोर्स हो गया क्या?"

"नहीं," शेजारीण म्हणाली, "इंडक्शन है."

बरोबरी झाली. खोलीला कुलूप लागलं, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर सभा पुढे चालू राहिली. पद्माकर सभा संपेपर्यंत थांबला नाही. घरी येऊन त्यानं मास्क काढला, हात धुतले आणि भात लावला. वर कोणी आलं, गेलं, त्याला कळलं. दार लागल्याचंही कळलं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला. झाकणं नीट होती.

बी ब्लॉक क्लबची एक पद्धत होती. नव्या सदस्याच्या दारावर क्लब स्वतःच्या खर्चानं नावाची निळी पाटी लावून देई. पुढच्या रविवारी एक माणूस ड्रिल आणि पाटी घेऊन जिन्याच्या खालच्या, गल्लीतल्या दाराशी आला. ड्रिलची वायर वर हेमांगीच्या प्लगपर्यंत पोचेना. जिन्यात प्लग नव्हता. सगळ्यात जवळचा प्लग पद्माकरच्या बेडरूममध्ये होता, त्या गल्लीत उघडणाऱ्या खिडकीच्या आत.

माणसानं खिडकीच्या गजांवर टकटक केलं. पद्माकरनं वायर आत घेतली आणि लावली. ड्रिल घुर्र झालं आणि थांबलं. सॉकेट जुनं, सैल झालेलं. त्यानं प्लग दाबला, ड्रिल चालू झालं. सोडला, बंद पडलं.

"पकड़ के रखिए, अंकल," बाहेरून माणूस म्हणाला. "चार होल हैं बस."

तो पलंगाच्या कडेला एक गुडघा टेकून, प्लगवर अंगठा दाबून उभा राहिला. भिंतीतून कंप त्याच्या कोपरापर्यंत येत होता. खिडकीतून पाटी दिसत नव्हती. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिलेली हेमांगी दिसत होती. अंगावर शाल घेऊन, मान जराशी तिरकी करून, पाटी सरळ बसतेय का ते ती पाहत होती.

"थोड़ा लेफ़्ट," ती माणसाला म्हणाली. "हां. और थोड़ा."

ड्रिल थांबलं. माणसानं पाटी सरकवली असावी. मग तो म्हणाला, "अंकल, चालू."

पद्माकरनं अंगठा पुन्हा दाबला.